बुलेटचा ठोका

२०२३ साली बुलेट ३५० ला नवे एंजिन आले, तेव्हा ‘पहिला ठोका राहिला नाही’ म्हणणारे शौकीन तुम्हाला सातारा-सांगलीकडेही भेटले असतील. तक्रार तपासून पाहू.

या एकाच सिलिंडरच्या फोरस्ट्रोक एंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मिनिटाला ६०० फेरे असतील तर सेकंदाला ५ ठोके. कानाला ते सुटे ऐकू येतात. २४०० फेऱ्यांना २० होतात आणि मिसळून घरघर होते. जुन्या गाडीत कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून फेरे कमी ठेवता येत. नव्या गाडीत ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. शिवाय नव्या एंजिनात तोल साधणारा फिरता दांडा आहे. त्याने कमी होतो तो हादरा. पण हँडलाचा हादराही शौकिनांनी ठोक्यातच धरला होता!

उभ्या जुन्या बुलेटच्या दर ठोक्याला कागदावर ठिपका द्या. दहा सेकंदांतले ठिपके गुणिले १२, म्हणजे मिनिटाचे फेरे.