फोन एकच, स्वभाव निराळे

"नातू सारखा फोनवर असतो, काय करावे?" असे पुष्कळजणी विचारतात. मी उलट विचारते, त्याचा स्वभाव कसा?

माणसांत रमणारा मुलगा फोनवर खूप बोलेल, पण त्याला बाहेरही मित्र असतात. शिस्तीचा मुलगा अभ्यासाच्या वेळी फोन बाजूला ठेवू शकतो. जपायचे ते चटकन काळजीत पडणाऱ्याला. मेसेजला उत्तर आले नाही की त्याचा जीव खालीवर होतो, मग मध्यरात्री पुन्हा फोन पाहणे आलेच. कॉलेजच्या मुलांच्या अनेक देशांतल्या पाहण्यांत हेच दिसते.

बहरीनमध्ये मनामाच्या अरेबियन गल्फ युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी तिथल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. फोन जवळ नसला की घाबरणे, याला 'नोमोफोबिया' म्हणतात. तो ज्यांना जास्त, त्यांना निद्रानाशही जास्त आढळला. काळजीमुळे फोन की फोनमुळे काळजी, हे मात्र अशा पाहणीतून ठरत नाही. झोप गेली की दोन्ही वाढतात, एवढे मी वॉर्डात पाहिले आहे.

बहरीनचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास. पहाटे साडेपाचच्या तुमच्या 'गुड मॉर्निंग'ला तिकडून लगेच उत्तर आले, तर खूश होऊ नका. तिथे रात्रीचे तीन वाजलेले असतात. रागावू नका, "झोप लागत नाही का रे?" एवढेच विचारा. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण सुटले, कॉलेज बुडते आहे, असे कळले तर आईवडिलांना सांगून डॉक्टरांकडे पाठवा. तोवर निदान चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवायला सांगा.