शाळा मुलाकडे जाते तेव्हां

डहाणू तालुक्यांतील कोसबाडची टेकडी आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९५७ सालीं हें कार्य कोसबाडास आलें. आदिवासी मुलें शाळेपर्यंत येत नाहींत असें दिसतांच ह्या दोघींनीं शाळाच पाड्यावरील अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. सध्यां प्राथमिक वर्गांत जी एक नवी पद्धति येऊं पाहत आहे, तिचा विचार करतांना हा जुना धडा ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

ह्या पद्धतीस इंग्रजींत 'फ्लिप्ड लर्निंग' म्हणतात. आपण तिला 'उलटा वर्ग' म्हणूं. नेहमीच्या क्रमांत गुरुजी वर्गांत धडा समजावितात व मूल घरीं उदाहरणें सोडवितें. उलट्या वर्गांत समजावणी व्हिडिओच्या रूपानें आधीं घरीं पोहोंचते, आणि उदाहरणें गुरुजींच्या समक्ष सोडविलीं जातात. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत जोनाथन बर्गमन व आरन सॅम्स ह्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनीं २००७ च्या सुमारास, वर्ग चुकलेल्या विद्यार्थ्यांसाठीं पाठ मुद्रित करून ठेविले; त्यांतून ही रीत पुढें आली. महाराष्ट्रांत परितेवाडी येथील रणजितसिंह डिसले गुरुजींनीं पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडून मुलांना कविता व व्हिडिओपाठ मिळवून दिले. त्यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

ह्यांत लाभ कोणता, तो एका उदाहरणानें पाहूं. अपूर्णांकांचा पाठ आहे. एका भाकरीचे तीन व दुसरीचे चार समान भाग केलेले मुलानें व्हिडिओंत पाहिले. न समजल्यास थांबवून पुन्हां पाहिले. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तें कागदाच्या घड्या घालूं लागतें. चार हा अंक तीनाहून मोठा, म्हणून एक चतुर्थांश हा एक तृतीयांशाहून मोठा, अशी चूक पुष्कळ मुलें करतात. फळ्याजवळ उभे असलेल्या गुरुजींना ही चूक दिसत नाहीं. मुलाशेजारीं बसलेल्या गुरुजींना तत्काळ दिसते. खरा लाभ वर्गांतील ह्या मोकळ्या वेळाचा आहे.

परंतु तलासरीच्या पाड्यावर हा व्हिडिओ मुलानें पाहावा कसा? घरांत मोबाइल एकच असतो, आणि तो सकाळीं वडिलांबरोबर कामावर जातो. कित्येक ठिकाणीं संपर्क क्षीण असतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबें वीटभट्टीवर जातात. अशा मुलास, 'पाठ पाहून आला नाहींस' म्हणून मागें बसविलें, तर त्याचें नुकसान दुहेरी होतें: समजावणीही गेली, आणि सरावही गेला. २०२० सालीं शाळा बंद होत्या, तेव्हां हें दुःख सर्वांनीं पाहिलें आहे.

म्हणून आम्ही असें सुचवितों. पाठ पांच मिनिटांहून मोठा नसावा. तो मेमरी कार्डावर उतरवून द्यावा, म्हणजे संपर्क नसतांही चालेल व स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर जाईल. संध्याकाळीं एका अंगणांत पांचसहा मुलांनीं एकाच मोबाइलभोंवतीं बसावें. ज्यास तेंही साधलें नाहीं, त्यास शाळेंत प्रथम दहा मिनिटें पाठ दाखवावा. शिक्षा करूं नये. ज्या मुलांच्या घरीं वारली बोली आहे, त्यांच्यासाठीं समजावणी त्या बोलींत असावी.

पालकांनीं आपणांस लिहितां वाचतां येत नाहीं म्हणून संकोच धरूं नये. 'आज काय पाहिलेंस, मला सांग,' एवढें विचारावें. सांगतां सांगतां मुलाचें ज्ञान पक्कें होतें. आणि विद्यार्थिमित्रहो, पाठ पाहतांना पेन्सिल हातांत ठेवा; जेथें अडेल तेथें थांबून आपला प्रश्न लिहा, व तो निर्भयपणें वर्गांत विचारा.

यंत्र धडा सांगेल. मुलाच्या चेहऱ्यावरील शंका मात्र गुरुजींनाच वाचतां येते. ताराबाई व अनुताई यांच्या हातीं व्हिडिओ नव्हता. मूल जेथें आहे तेथें जाण्याची तयारी मात्र होती. ती असेल, तरच हें नवें साधन आपल्या पाड्यांवर सफल होईल.