वारसाहक्काने आलेला कोड

वारसा म्हटलं की आपल्याकडे लोकांना शेत, घर, आजीच्या पाटल्या वगैरे आठवतात. कॉम्प्युटर इंजिनिअरला मात्र वारशात कोड मिळतो! तो लिहिणारा माणूस नोकरी सोडून पुण्याला नाहीतर बंगळूरला गेलेला असतो आणि त्याने मागे ठेवलेल्या हजारो ओळी एके दिवशी तुमच्या गळ्यात पडतात. इंडस्ट्रीत याला 'लेगसी कोड' म्हणतात.

आपल्याला चार वर्षं नवीन प्रोग्राम कसा लिहायचा हे शिकवलं जातं. दुसऱ्याचा प्रोग्राम कसा वाचायचा, हे मात्र फारसं कोणी शिकवत नाही. आपले सीनियर्स सांगतात की नोकरीच्या सुरुवातीला नेमकं हेच काम वाट्याला येतं. म्हणून या विषयावर लिहायचं ठरवलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे तांत्रिक शब्द आपण बोलतो तसेच ठेवलेत. उगाच जड मराठी प्रतिशब्द वापरून तुम्हाला डिक्शनरी उघडायला लावत नाही.

आधी थोडं हसू या

"हा कोड लिहिला तेव्हा तो मला आणि देवाला कळत होता, आता फक्त देवालाच कळतो." हा जोक ऐकला नाही असा विद्यार्थी कुठल्याच लॅबमध्ये सापडणार नाही. फाइलींची नावं तर विचारूच नका. 'फायनल', मग 'फायनल२', मग 'फायनलनवीन' आणि शेवटी 'हेचखरंफायनल'. आमच्या बॅचमध्ये म्हणतात, प्रोग्रामर दोन प्रकारचे असतात. एक मागच्याला शिव्या देणारे आणि दुसरे पुढच्यांच्या शिव्या खाणारे. नीट बघितलं तर दोन्ही माणसं तीच!

असे विनोद थोरामोठ्यांनीही केलेत. १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरलं. त्याच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये एका ठिकाणी प्रोग्रामरने शेरा मारलाय की हे तात्पुरतं आहे, आणि पुढे 'होप' हा शब्द तीनदा लिहिलाय. ते 'तात्पुरतं' थेट चंद्रावर जाऊन पोहोचलं! युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतला एक शेरा तर जगप्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ असा, की तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही. डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की हा उर्मटपणा नव्हता, 'हे परीक्षेला येणार नाही' अशा अर्थाने ते लिहिलं होतं. वर त्यांनी हेही कबूल केलं की तिथे काय चाललंय ते तेव्हा त्यांनाही पूर्ण कळलेलं नव्हतं. आता बोला!

घाण की कारण?

जुना कोड बघून पहिला विचार येतो, "कुठल्या गाढवाने हे लिहिलंय?" पण बऱ्याचदा त्या गाढवपणामागे काहीतरी कारण असतं. वाय-टू-केचंच घ्या. १९६०-७० च्या काळात वर्ष दोन आकड्यांत लिहायचे, म्हणजे १९६५ ऐवजी नुसते ६५. पंचकार्डावर फक्त ८० रकाने असायचे आणि मेमरी सोन्याच्या भावाची, मग प्रत्येक तारखेमागे दोन आकडे वाचवणं हे त्या वेळी शहाणपणाचंच होतं. हा प्रोग्राम २००० सालापर्यंत चालेल असं कोणाला वाटलंच नव्हतं, आणि तो चालला. मग ते करोडो ओळींचे कोबॉल प्रोग्राम तपासायचं काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं. मुंबईच्या सीप्झमध्ये, पुण्यात, कितीतरी मराठी मुलामुलींचं करिअर दुसऱ्याचा कोड वाचण्यापासून सुरू झालं. त्याआधीही १९७० च्या दशकात मुंबईच्या टीसीएसला अमेरिकेची जी सुरुवातीची कामं मिळाली, त्यांत एका मशीनचे प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर चालतील असे करून देण्याचं काम होतं. म्हणजे आपल्या आयटीचा पायाच मुळी वारशातल्या कोडवर घातला गेलाय.

सातबारा बघा

आपल्या हातकणंगले तालुक्यात घरटी एक तरी सातबारा असतोच. या कागदाला 'सातबारा' का म्हणतात, असं मी माझ्या मैत्रिणींना विचारलं तर निम्म्या जणींना सांगता आलं नाही. गाव नमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हे दोन फॉर्म एकत्र केले की झाला सातबारा. म्हणजे फॉर्मच्या नंबराचंच नाव पडलं! एखाद्या प्रोग्रामरने व्हेरिएबलला 'एफ७१२' असं नाव दिलं असतं तर आपण त्याची टिंगल केली असती.

पण याच कागदात एक फार चांगली गोष्ट आहे. जमीन विकली, वारस लागला, बोजा चढला, काहीही झालं की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवला जातो आणि त्या फेरफाराचा नंबर सातबाऱ्यावर येतो. जुन्या मालकाचं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. बदल का झाला हे बघायचं असेल तर तो नंबर घेऊन फेरफार काढायचा. आपण ज्याला 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतो ते याहून वेगळं काय आहे? लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट २००५ मध्ये आणलं, पण आपले तलाठी भाऊसाहेब त्याच्या कितीतरी आधीपासून कमिट नंबर देत होते!

वारशातल्या कोडची खरी अडचण हीच असते. सातबारा हातात असतो, पण फेरफार सापडत नाही.

चार आण्याची भानगड

हे मला पुस्तकातून कळलं नाही. गेल्या वर्षी आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी हातकणंगलेतल्या एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये आणायचं काम घेतलं. जुना प्रोग्राम फॉक्सप्रोचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये फॉक्सप्रोचा सपोर्ट कायमचा बंद केला, पण प्रोग्राम बिचारा चालतोच आहे. फील्डची नावं अशी तोडलेली की वाचवत नाहीत. नंतर समजलं की डीबीएफ फाइलमध्ये फील्डच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात. म्हणजे तिथेही कारण होतंच.

त्या प्रोग्राममध्ये एक फंक्शन होतं, व्याज जवळच्या २५ पैशांवर आणणारं. ते फक्त ठरावीक तारखेआधी उघडलेल्या खात्यांना लागायचं, बाकीच्यांना पूर्ण रुपया. आम्ही पोट धरून हसलो. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बंद झालं, आणि हे महाशय अजून चार आणे मोजतायत! ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं पडलं की फंक्शन काढून टाकू आणि सगळ्या खात्यांचं व्याज पहिल्या दिवसापासून नव्या नियमाने मोजू. कोड कसा स्वच्छ होईल!

काढण्याआधी आम्ही तिथल्या एका रिटायर्ड क्लार्कना विचारायचं ठरवलं. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोरी, तुमचा हिशेब बरोबर असंल, पर पासबुक म्हातारीच्या हातात हाय की. त्याचं काय करणार?"

मग आम्ही कागदावर आकडे मांडले. समजा ठेव ५,१३७ रुपये आणि व्याज १० टक्के. तीन महिन्यांचं व्याज येतं १२८ रुपये ४२ पैसे आणि वर अर्धा पैसा. जुन्या नियमाने ते होतं १२८ रुपये ५० पैसे, नव्याने १२८ रुपये. फरक आठ आणे. पण हे व्याज मुद्दलात जमा होतं, पुढचं व्याज त्यावर चढतं, आणि असं वर्षानुवर्षं. खाती शेकडो. जुन्या पासबुकांवर हाताने लिहिलेला आकडा एक आणि नव्या स्क्रीनवर दुसरा. ऑडिटरपुढे ताळा जुळणार नाही ते वेगळंच. पण भाजी विकून रोजचे दहा-वीस रुपये साठवणाऱ्या बाईंनी पासबुक घेऊन काउंटरला विचारलं, "माझं पैसं कमी का दिसत्यात?" तर त्यांना काय सांगणार, की आम्ही कोड स्वच्छ केला? पतसंस्थेत माणूस विश्वासावर पैसे ठेवतो. तो विश्वास आठ आण्यांनीही जाऊ शकतो.

ते फंक्शन आम्ही तसंच नव्या सिस्टीममध्ये आणलं. फक्त त्याच्या डोक्यावर चार ओळी लिहिल्या: हा नियम कोणत्या खात्यांना लागतो, का लागतो, कोणाकडून कळलं आणि कधी. जुन्या प्रोग्राममध्ये ह्या चार ओळी असत्या तर आमचे दोन आठवडे वाचले असते.

आता उलटी बाजू

तुम्ही म्हणाल, मग जुन्या कोडला हातच लावायचा नाही का? तसंही नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटलं. त्यात माणसं नव्हती, पण चार वैज्ञानिक उपग्रह गेले. चौकशीत निघालं की दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा कोड एरियन ४ मधून जसाच्या तसा उचलला होता. त्यात ६४ बिटचा एक आकडा १६ बिटमध्ये बसवला जात होता. १६ बिटमध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ मावतो. एरियन ४ चा मार्ग असा होता की त्यात आकडा तेवढा मोठा व्हायचाच नाही. एरियन ५ चा आडवा वेग जास्त, तिथे तो झाला. राखीव कॉम्प्युटरमध्येही तोच कोड, त्यामुळे तोही बंद पडला. सगळ्यात वाईट म्हणजे तो भाग उड्डाणाआधीच्या तयारीचा होता. एरियन ४ च्या गरजेसाठी तो उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवायचे. एरियन ५ ला त्याची गरजच नव्हती.

म्हणजे बघा, पतसंस्थेत कारण जिवंत होतं आणि आम्ही कोड काढायला निघालो होतो. एरियनमध्ये कारण संपलं होतं आणि कोड चालूच राहिला. कारण माहीत नसेल तर काढणंही धोक्याचं आणि ठेवणंही धोक्याचं.

मग करायचं काय?

१. जुना प्रोग्राम आहे तसा चालवून त्याची उत्तरं आधी जपून ठेवा. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या पुस्तकात लेगसी कोडची व्याख्याच अशी केलीय की ज्याला टेस्ट नाहीत तो लेगसी कोड. मग तो कालच लिहिलेला का असेना!

२. एका वेळी एकच बदल करा आणि उत्तरं जुन्याशी ताडून बघा. दहा बदल एकदम केले तर बिघाड कशाने झाला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

३. कोड वापरणाऱ्या माणसाला विचारा. तात्यांना फॉक्सप्रोची एक ओळ येत नाही, पण तो नियम का आला ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

४. कॉमेंटमध्ये 'काय' लिहू नका, 'का' लिहा. 'इथे एक मिळवला' हे कोडमध्ये दिसतंच. का मिळवला ते दिसत नाही.

५. काढायचंच असेल तर कारण संपल्याची खात्री करून काढा आणि तशी नोंद ठेवा. सातबाऱ्यावरच्या कंसासारखी.

जोक मारायला आणि कुरकुर करायला माझी अजिबात ना नाही. रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या कोडशी झगडताना तेवढाच आधार असतो! फक्त कुरकुर करून झाली की जे कळलं ते दोन ओळींत तिथेच लिहून ठेवा. आज आपण सबमिशनपुरता जो प्रोजेक्ट करतोय, तो पुढच्या वर्षी आपल्याच ज्युनियर्सच्या हातात जाणार आहे. त्यांना सातबाऱ्याबरोबर फेरफारही मिळू दे. शिव्या थोड्या कमी बसतील!