फुप्फुसातील डाग : क्षय की कर्करोग?

तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम आपण सस्पेन्स खात्यात टाकतो. तिला कोणी नफा म्हणत नाही की तोटा. चूक सापडेपर्यंत ती तिथेच राहते. वाणिज्य शाखेच्या वाचकांना हे सांगायला नको. फुप्फुसाच्या एक्स-रेत दिसणारा गोल पांढरा डागही प्रथम याच खात्यात टाकावा, असे मला वाटते. आपल्या घरांत मात्र तो पाहताक्षणीच 'कॅन्सर' म्हणून नोंदला जातो आणि रडारड सुरू होते.

हवेने भरलेल्या फुप्फुसात घट्ट गाठ असली की ती पांढरी उमटते. ती कशाची आहे, हे चित्र सांगत नाही. आपल्या देशात ती पुष्कळदा क्षयाची असते. क्षयजंतूंभोवती शरीर पेशींचे कुंपण घालते आणि त्याची गाठ बनते. तिला ट्युबरक्युलोमा म्हणतात. तिची कड कधीकधी कर्करोगासारखीच काटेरी दिसते. (क्षय हा शब्द कन्नडातही तोच. आजोबांच्या पिढीला त्याने धडकी भरे. आज तो ऐकून माणसे सुटकेचा श्वास टाकतात!)

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी ती अधाशीपणे घेतात, म्हणून चमकतात. पण क्षयजंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही भुकेल्याच असतात, त्याही चमकतात. एवढी महागडी तपासणीही इथे फसू शकते.

गाठीच्या मध्यभागी कॅल्शियम साठले असेल, किंवा भरीव गाठ दोन वर्षांत मुळीच वाढली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी. म्हणून जुने एक्स-रे जुन्या खतावण्यांसारखे जपावेत. एरवी थुंकीची तपासणी, आणि अखेर सुईने तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे.

अमेरिकेत ५३,४५४ धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सीटी स्कॅनमध्ये संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी ९६.४ टक्के कर्करोगाचे नव्हते. तरीही एक्स-रेच्या तुलनेत सीटीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. तेव्हा तपासणीच टाळणे हा काही उपाय नव्हे.

आपल्याकडे उलटी चूकही होते. नुसत्या एक्स-रेवरून क्षय समजून महिनोन्महिने गोळ्या चालतात आणि खरा कर्करोग आत वाढत राहतो. थुंकीत जंतू सापडले नसतील आणि औषधांनी डागही कमी होत नसेल, तर "डॉक्टर, तुकडा तपासायचा का?" असे रुग्णाच्या माणसांनी न संकोचता विचारावे.