नव्या संगणकातील जुने दप्तर

घरकुलाच्या अर्जास जोडावयाचा नमुना नंबर ८ चा उतारा नेण्यासाठी ग्रामस्थ दारात उभा आहे. उतारा मागील आठवड्यातच तयार करून ठेवलेला आहे. परंतु आता टेबलावर लिनक्स प्रणालीचा संगणक आला असून त्यात 'सी' नाही आणि 'डी'ही नाही. "उद्या या" असे सांगण्यावाचून कर्मचाऱ्यास गत्यंतर उरत नाही. ग्रामस्थाची एक दिवसाची मजुरी बुडते, ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

असे प्रसंग यापुढे वाढण्याचा संभव आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुनी यंत्रे मोडीत काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसविण्याचा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. सी-डॅक या संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध केली होती. केरळमधील शासकीय शाळांनी तर याच धर्तीवर पुष्कळ वर्षे अध्यापन केले आहे.

मग अडते कोठे? विंडोजमध्ये प्रत्येक साठ्यास एक अक्षर मिळते. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्कची गणना 'सी'पासून सुरू झाली. फ्लॉपी गेली, अक्षर राहिले. लिनक्समध्ये ही वाटणीच नाही. तेथे एकच मूळ असून सर्व फोल्डर त्याच्या फांद्या होत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल कोणत्या फडताळात आहे हे ठाऊक नसेल, तर मोडी उत्तम वाचणाऱ्यासही हात हलवीत परतावे लागते. येथेही तसेच आहे. वापरणाऱ्याचे स्वतःचे दप्तर 'होम' या फोल्डरात त्याच्या नावाने असते आणि 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स' त्याच्याच पोटात असतात. इतरत्र भटकू नये. पेनड्राइव्ह मात्र फाइल-व्यवस्थापकाच्या डाव्या रकान्यात स्वतंत्रपणे दिसतो.

इंग्रजी नावे लिहिताना आणखी एक सावधगिरी हवी. विंडोज लहान व मोठ्या लिपीतील अक्षरांत सहसा भेद करीत नाही, लिनक्स करते. एकाच नावाच्या दोन फाइली, एक मोठ्या अक्षराने व दुसरी लहान अक्षराने सुरू होणारी, तेथे शेजारी शेजारी नांदू शकतात. चुकीची प्रत छापली जाते ती अशीच.

मराठी नावांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. त्यापूर्वी ते 'अ'ला चंद्र जोडून लिहिले जाई, आणि काही कळफलक आजही तसेच लिहितात. डोळ्यास दोन्ही सारखी दिसतात, यंत्रास मात्र ती भिन्न वाटतात. म्हणून 'ॲडव्हान्स' शोधून काही न मिळाल्यास केवळ 'डव्हान्स' शोधून पाहावे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुरात तर मराठी शब्द शोधून सापडणारच नाही, कारण यंत्राच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो. अशा वेळी तारखेप्रमाणे यादी लावणे हाच खात्रीचा उपाय. फाइलीच्या नावातच वर्ष, महिना व दिवस याच क्रमाने अंक घालण्याची सवय ज्या कार्यालयांनी लावून घेतली, त्यांना हा त्रास फारसा होत नाही.

पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, तरी जागा नाही असा संदेश येतो, ही तक्रारही नेहमीची आहे. लिनक्सवर त्यातून काढून टाकलेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवरील एका लपलेल्या फोल्डरात जातात. नावापूर्वी टिंब असलेले असे फोल्डर कंट्रोल व एच ही बटणे एकत्र दाबल्यास बहुतेक ठिकाणी दिसू लागतात. चुकून काढलेला ठराव तेथे पुष्कळदा सुखरूप मिळतो.

एक हानी मात्र भरून येत नाही. नवी प्रणाली डिस्कवर न बसविता केवळ चाचणीसाठी पेनड्राइव्हवरून चालविली असेल, तर त्या अवस्थेत 'होम'मध्ये जतन केलेले काम संगणक बंद करताच सामान्यतः नाहीसे होते. कोणी शिक्षक अशा यंत्रावर दिवसभर गुणपत्रके भरीत असल्याचे दिसल्यास, यंत्र बंद करण्यापूर्वी ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेण्यास त्यांना तत्काळ सांगावे.