खाणीनंतरची भूमी

अमेरिकेत १९७७ च्या कायद्यान्वये, उघड्या खाणीतून कोळसा काढल्यावर भूमी पूर्ववत् करणे खाणमालकास बंधनकारक आहे. त्यासाठी त्याच्याकडून आधीच आर्थिक हमी घेतली जाते. निरीक्षक पूर्वसूचना न देता येतो. वरवरच्या हिरवळीवर तो विसंबत नाही. उतार पूर्वीसारखा आहे काय, बाजूस राखलेली सुपीक माती पुन्हा पसरली आहे काय, पावसाने ओघळी पडल्या आहेत काय, ओढ्याचे पाणी लोहाने तांबूस झाले आहे काय, हे तो पाहतो. अखेरच्या लागवडीपासून किमान ५ वर्षे, अल्पवृष्टीच्या प्रदेशात १० वर्षे, झाडोरा टिकला तरच हमी पूर्णपणे मोकळी होते. पाठाच्या शेवटी शिक्षकांनी गावाजवळील खणलेली जागा मुलांस दाखवावी व विचारावे : येथील माती परत कोण आणील?