हाकेला ओ

पूर्वी गावात सरकारी हुकूम कळवावयाचा असला म्हणजे दवंडी पिटीत. डफावर थाप पडे, लोक ओट्यावर येत, हुकूम ऐकत आणि घरात परतत. कोणाला काही विचारावयाचे असले, तर दवंडीवाल्याला विचारून काय उपयोग? तो बिचारा केवळ निरोप्या! वरचा शब्द खाली येई. खालचा शब्द वर जाण्यास मात्र वाट नसे.

लोकांशी जवळीक साधण्यासाठी पुढाऱ्यांनी काळोकाळी नवी साधने हाती घेतली. १८८१ साली पुण्यात ‘केसरी’ निघाला. लोकमान्य टिळकांनी त्यातून राजकारण सामान्य माणसाच्या दारी नेले. पुढे नभोवाणी आली. १९३३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील बँका बंद पडल्या होत्या. आपली ठेव बुडणार, या धास्तीने लोक हवालदिल झाले होते. १२ मार्च रोजी रात्री अध्यक्ष रूझवेल्ट यांनी, घरातील वडीलधाऱ्याने समजावून सांगावे तशा साध्या भाषेत, बँकेचा व्यवहार नभोवाणीवरून उलगडून दाखविला. बँका उघडल्या तेव्हा लोक घरी नेलेला पैसा परत भरावयास आले. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी महात्मा गांधींना कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांकडे जाता आले नाही. म्हणून ते दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात गेले व तेथून त्यांनी त्या दुःखितांना धीर दिला.

तथापि या साधनांनी नेत्याचा आवाज जितक्या त्वरेने लोकांपर्यंत पोहोचे, तितक्या त्वरेने लोकांचा आवाज परत येत नसे. ही उणीव समाजमाध्यमांनी दूर केली. २००६ साली ट्विटर सुरू झाले. २०२३ पासून त्यास ‘एक्स’ म्हणतात. तेथे सामान्य माणूसही मंत्र्याला थेट हाक मारू शकतो.

सुषमा स्वराज या २०१४ ते २०१९ या काळात आपल्या परराष्ट्रमंत्री होत्या. परदेशात कोणाचे पारपत्र हरवे, कोणी कामाच्या ठिकाणी अडकून पडे. अशी माणसे ट्विटरवर दोन ओळी लिहीत. बाई त्या वाचीत, त्या देशातील भारतीय दूतावासाला चौकशी करावयास सांगत आणि ‘आमचे अधिकारी तुम्हांस भेटतील’ असा धीर देत. २०१६ साली एका गृहस्थाने आपल्या बिघडलेल्या शीतकपाटाची तक्रार त्यांच्याकडे केली! त्यांनी नम्रपणे कळविले की, संकटातील माणसांच्या कामात मी गुंतले आहे. या बाबतीत मला साहाय्य करता येणार नाही.

मुलांनो, या उदाहरणातील मर्म ध्यानात घ्या. त्या दोन ओळींत जादू नव्हती. त्यांच्यामागे दूतावास होते, अधिकारी होते आणि काम तडीस नेण्याची इच्छा होती. कृतीचे पाठबळ नसेल, तर गोड शब्द हा नुसता दवंडीचा डफच होय.

या साधनाचे धोकेही आहेत. वृत्तपत्राचा प्रतिनिधी अवघड प्रश्न विचारतो. समाजमाध्यमावर नेत्याला तो प्रश्न टाळून आपल्याला हवे तेवढेच सांगता येते. दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडून कोणी खोटा मजकूर पसरवितो. नेत्याचे मत पटले नाही, म्हणून कोणी शिवीगाळ करतो. शिवाय ज्याच्या हाती फोन नाही, त्याची हाक तेथे ऐकू येत नाही. म्हणून नेत्याला गावोगाव हिंडण्यावाचून गत्यंतर नाही.

राजाला प्रजेपुढे उत्तर द्यावे लागत नसे. लोकशाहीतील नेत्याला ते द्यावेच लागते. तेव्हा नेता किती वेळा बोलतो, यापेक्षा तो विचारलेल्या प्रश्नाला ओ देतो की नाही, हे पाहावे. आणि उद्या तुम्ही नागरिक व्हाल, तेव्हा मजकूर पारखून घ्यावा, प्रश्न निर्भयपणे पण सभ्य शब्दांत विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये. वाट आता दोन्ही बाजूंनी खुली आहे. ती स्वच्छ राखणे दोघांच्याही हाती आहे.

स्वाध्याय
१. दवंडी आणि समाजमाध्यम यांत कोणता मुख्य फरक आहे?
२. ‘त्या दोन ओळींत जादू नव्हती’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. तुमच्या गावातील एखादी अडचण लोकप्रतिनिधीला पाच वाक्यांत, सभ्य शब्दांत कळवा.